शेवटून दुसरी ओळ

निपाणीहून ती आली ट्रकवर, साखळ्यांनी बांधून.
उद्यमबागेत शटरपुढं उतरवली तेव्हा
आतून तंबाखूचा वास उतरला
आणि एक मांजरी, पोटुशी.
तिला हाकललं नाही.
तिनं सीटखालची जागा धरली, म्हणून
इंजिनाला पंधरा दिवस कुणी हात लावला नाही.

बेडफर्ड. वखारीमागं तेवीस पावसाळे उभी.
आत घडीचा पलंग, स्टोव्हपुरता ओटा,
पलंगाखाली खणच खण,
आणि खणांत काचा:
पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड...
नेमण्णा उपाध्ये चष्मेवाले इथंच राहायचे, पद्मक्कासकट.
अथणी, गोकाक, खानापूर,
कधी हद्द ओलांडून चंदगडचा बाजार.
नात त्रिशला सांगत होती,
"आई याच ओट्याला धरून चालायला शिकली."
चालायला म्हणजे उभं राहायला.
दोन पावलांत भिंत.

दस्तगीर हातोडी घेऊन खाली सरपटला.
टण् म्हणजे लोखंड,
थप् म्हणजे गंज.
दुपारभर नुसतं थप्, थप्, थप्.
बाहेर येऊन म्हणाला,
"भंगारात घाल की रे. कशाला गळ्यात घेऊलायस?"
मी म्हटलं, आधी चहा घे.

किंगपिनचे बुश कुठं मिळणार?
गनमेटलचा तुकडा आणून लेथवर काढले.
तीन बिघडले. चौथा बसला,
सासरी रुळलेल्या सुनेसारखा, आवाज न करता.
व्हर्नियरच्या रेघा हल्ली मला
एकमेकींच्या अंगावर झोपलेल्या दिसतात.
कुणाला सांगितलेलं नाही.
माप बोटांनी घेतो.

मागच्या दाराचा रंग बसू खरवडत होता.
हिरवा, मग पिवळा, मग पांढरा,
आणि तिथं त्याचा पत्रा थांबला.
"अण्णा, इल्ली नोड्री."

एका पाकळीवर मराठी, दुसऱ्या पाकळीवर कानडी,
वर वीतभर अक्षर, खाली येता येता तिळाएवढं.
आजोबा विचारायचे म्हणे, कुठलं वाचता?
लोक सांगायचे, दोन्ही.
मग एक डोळा या दारावर,
एक त्या.
आणि शाळाच न बघितलेल्यांना
पद्मक्का लांबून बोटं दाखवायची. किती? तीन. आता? हं, आता
पदर दिसतोय नुसता.

यावर रंग मारायचा नाही, त्रिशला म्हणाली.
मीच बसलो मग थिनरचा बोळा घेऊन,
ट, म, र, प,
सकाळभर एकेकाचं तोंड पुसत.

संध्याकाळी सगळ्यांनी वीस फुटांवर रेघ मारली.
बसूनं तळ गाठला.
दस्तगीर तिसरीत अडकला, वर अक्षरांनाच शिव्या.
मी घडाघडा वाचलं,
शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत.
शाब्बास, त्रिशला म्हणाली, या वयात!

दस्तगीर हसला नाही.
बत्तीस वर्षं शेजारच्या शेडमध्ये काढलीत त्यानं.
"आता कानडी वाच," म्हणाला.

कानडी मला बसच्या पाट्यांपुरतं येतं.
तेवढंही पुरलं असतं.
पण त्या पाकळीवरून बोळा बसूनं फिरवला होता,
माझ्या बोटांनी नाही.
पहिलं अक्षर वाचलं.
दुसऱ्या ओळीत
कुणीतरी ताक सांडलं होतं.

ट्रायलला किल्ली दस्तगीरनं घेतली, न विचारता.
मी मागं, पलंगावर,
खणांतल्या काचा किणकिणत, सगळ्या नंबरांच्या एकदम.
तवंदीचा घाट तिनं दुसऱ्या गिअरवर घेतला,
तिसऱ्या वळणावर उकळली.
थांबलो. खालून वाफ, वरून वारा.
मोतीबिंदूला काच नसते, ठाऊक आहे मला,
तरी सव्वाची उचलून डोळ्याला लावून बघितली.
मग दीडची.

रेडिएटरवर ओलं पोतं टाकत, माझ्याकडं न बघता
दस्तगीर म्हणाला,
"मंगळवारी दवाखान्याला जायाचं."

मी म्हटलं, आधी पाणी घाल.