अबोला

किलिफीच्या खाडीपासून आत, नारळ विरळ होतात तिथे
दुहेरी तारेच्या कुंपणात कसाव्याची दीडशे झाडं.
फाटकाला दोन कुलपं. एक किल्ली माझ्याकडे,
दुसरी म्बोद्झेकडे.
आपण उपासाला साबुदाणा भिजवतो तो याच कंदाचा.
इथे मात्र उपास टळतो तो याच्यामुळे.

या रोगाची खोड अशी, की वर तो काही बोलत नाही.
पानं हिरवी, बुंधा ताठ, शेंड्याला नवी पालवी.
शेजारीण म्हणते, यंदा छान आलंय.
अकराव्या महिन्यात उपटावं, कंद आडवा कापावा
तर आत तपकिरी, बुचासारखं कोरडं,
कुणी आतून एकेक डाग देत गेल्यासारखं.
कोंबडीसुद्धा चोच लावत नाही.

म्बोद्झेने धाकट्या बहिणीला, सिदीला,
लग्नात वीस कांड्या दिल्या होत्या,
जाड बघून, डोळे मोजून.
आईने तिला दिल्या तशाच, आईला तिच्या आईने.
कांडीतून आणखी काय गेलं, ते दोघींना दिसलं नाही.
सिदीचं अख्खं शेत त्या वर्षी जमिनीखाली नासलं
आणि सासू अंगणात उभी राहून म्हणाली,
हे तुझ्या माहेरचं वाण.
तेव्हापासून बहिणींचा अबोला. सहा वर्षं.

म्बोद्झेने विचारलं, मग तुम्ही झाडात घातलंय तरी काय?
मी केसातला आकडा काढला.
म्हटलं, हे बघ. विषाणूच्या मजकुरातला एक तुकडा,
स्वतःवरच दुमडलेला, असा.
असला दुपदरी धागा झाडाला खपत नाही,
ते कात्री घेऊन बसतं, एकवीस-एकवीस अक्षरांचे कपटे करतं
आणि कपटे जपून ठेवतं, नमुन्याला.
मग पांढऱ्या माशीच्या सोंडेतून खरा विषाणू येतो,
तोंड उघडतो,
आणि झाडाला ते वाक्य आधीच माहीत असतं.
पुरं होऊ देत नाही.
मारून टाकतं?
नाही गं. बोलू देत नाही.

ती आकडा बोटांत फिरवत राहिली.
म्हणाली, म्हणजे आधी त्याचाच एक शब्द
आपण गिळायचा.

काढणीला कौंटीचे लोक आले, वजनकाटा आला,
नैरोबीहून निरीक्षक, बुटांना पॉलिश केलेला.
डावीकडच्या ओळी, जुन्या वाणाच्या:
तपकिरी, तपकिरी, एक बरा, तपकिरी.
उजवीकडे पहिलाच कंद कापून
म्बोद्झेचा कोयता थांबला.
पांढरा. सोललेल्या नारळासारखा.
तिने दुसरा कापला, मग तिसरा,
मग कुणी न सांगता सगळी ओळ.

नियम असा, की तारेबाहेर एक डोळाही जायचा नाही.
खड्डा आधीच खणलेला.
वजन लिहा, तुकडे करा, टाका, रॉकेल, काडी.
त्या साली तिथे मक्याचं पीठ रांगेत तोलून मिळत होतं.
तीनशे चौदा किलो, फक्त उजवीकडचे. मी सही केली.
भाजल्या कंदाचा वास वाऱ्यावर गावात गेला
आणि पोरं येऊन तारेशी उभी राहिली.
कुणी काही मागितलं नाही.
जाताना निरीक्षकाने म्बोद्झेला लेसोचा ओचा झटकून दाखवायला सांगितलं,
दुसरीकडे बघत.

संध्याकाळी हापशावर मी दांडा मारत होते.
तिने हात पुढे केले नाहीत.
नखांत चीक वाळून पांढरा झालेला.
म्हणाली, सिदीकडे जाऊन येते.
काय सांगशील?
काही नाही. हात दाखवीन.

तिची किल्ली तिने फाटकाच्या खिळ्याला अडकवली.
आकडा मात्र
अजून परत दिलेला नाही.