टिकली

गुरुवार. टिंबर मार्केटात सकाळपासून वीज नाही.
महावितरणची माणसं खांबावर,
समोरच्या वखारीतली करवत अर्ध्या सागवानात थांबलेली.
पतसंस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर मी,
मागच्या बोळात जनित्र,
आणि कपाटात उभं राहून गुणगुणणारं
साडेचार हजार खात्यांचं ओझं.

या यंत्राला दोन पुरवठे असतात.
एक गेला की दुसरा सगळं ओढतो,
काउंटरवर पासबुक छापणाऱ्याला कळतही नाही.
सोय तीच. मेखही तिथंच.

पंख्यांचा आवाज नेहमीपेक्षा वरचा वाटला
म्हणून टॉर्च घेऊन मागे वाकलो.
एक दिवा हिरवा.
दुसऱ्यावर टिकली.
मरून, मखमली, कडांना धूळ धरलेली.
नखानं उचकटली तर आत नारिंगी,
लुकलुक, लुकलुक,
कुणाच्या तरी डोळ्यांना रात्रपाळीत
त्रास झाला असणार.

नोंदी उघडल्या: एक्केचाळीस दिवस.
एक्केचाळीस दिवस तो एकच वाक्य लिहीत होता
आणि पाठवत होता पाटसकरांना,
जे मार्चमध्ये निवृत्त झाले
आणि आता सासवडला अंजीर बघतात.

तांबोळी मॅडमनी शिकवलं होतं:
आधी दिवा बघ. मग वायर. मग खोका.
हात लावण्याआधी परत दिवा बघ.
वायर घट्ट होती. तिचा माग काढत
हात त्या काळ्या गुंत्यात कोपरापर्यंत घातला
आणि दोन्ही वायरी
एकाच पट्टीत निघाल्या.
शेजारची पट्टी, दुसऱ्या यूपीएसची,
रिकामी. प्लास्टिकसुद्धा न काढलेली.
ज्यानं जोडलं त्यानं लेबल मात्र नीट लावलं होतं,
'अ', 'ब', खाली तारीख,
आणि 'ब'च्या पोटातली ती गाठ
मी शाळेपासून तशीच काढतो.
पाच वर्षांपूर्वीची संध्याकाळ काही आठवेना.
घाई असेल. किंवा नुसतीच भूक.

कपाटातला सुटा पुरवठा चारशे पंच्याण्णवचा,
आतला साडेसातशेचा.
बसला असता. चालला नसता.
खराडीहून हगवणेंचा पोरगा निघाला,
खोका मांडीत धरून, मागे बसून,
स्वारगेटला अडकला, फोनवर म्हणाला
'काका, आलोच', आणि चाळीस मिनिटांनी आला.

खरी भीती ओढताना.
पडद्यावरचं चित्र समोरून काढलेलं,
मी मागे उभा. त्यातला डावा माझा उजवा.
चुकीचा ओढला तर
खाली लोखंडेबाईंच्या हातातलं मुदतठेवीचं काम
अर्ध्यात, त्या करवतीसारखं.
दिवा बघितला. खटका दाबला.
परत दिवा बघितला.
ओढला.

काही झालं नाही.
काही न होणं इतकं मोठ्यानं
मी कधी ऐकलं नव्हतं.
नवा आत सरकवला, 'टक्',
वायर रिकाम्या पट्टीत. मोजू लागलो.
सातव्या आकड्याला हिरवा,
आणि पंखे हळूहळू खाली उतरले,
जिना चढून आलेल्या माणसाचा श्वास उतरतो तसे.

चार वाजता वीज आली. करवत सुरू झाली.
पाटसकरांच्या पत्त्याच्या जागी माझा घातला.
टिकली अंगठ्यालाच चिकटून राहिली,
घरी हात धुताना दिसली.

रात्री थोरल्याला फोन लावला.
आईचं सगळं तोच करतो, तळेगावात,
अंघोळ, गोळ्या, रात्रीचं उठणं,
सहा वर्षं झाली.
दर महिन्याला मी पैसे पाठवतो
आणि विचारतो, काय म्हणतोस,
तो म्हणतो, ठीक.
आजही म्हणाला, ठीक.
मी फोन ठेवला नाही.
परत विचारलं.