बोट कुठे थांबतं

यादी उघडली की लोक आधी उजवीकडे वाचतात.
डावीकडे फ्रान्स असतो, चिली असतं, नाशिक असतं,
पण माणसं उजव्या रकान्यात
जिना उतरावा तशी एकेक आकडा उतरत येतात
आणि कुठल्यातरी पायरीवर बोट टेकतं.
मी तेवढंच बघते.
त्या पायरीवरची, नाहीतर एक खालची, बाटली आणते
आणि चारचौघांत म्हणते,
आज इसवणाबरोबर हीच हवी.
सोबतच्या बाईला काही कळत नाही.
त्याला कळतं. खांदे सैल सोडतो.
अर्धं काम तिथंच झालेलं असतं.

हळदोण्याच्या बाजारामागं आमची बारा टेबलं.
मालक एव्हरार्दला आंबोटिकीबरोबर
दणकट लाल वाइन खपवायची असते,
कारण ती महाग.
मी सांगते, मिरची आणि तो तुरटपणा
एका तोंडात भांडतात, भुर्दंड जिभेला.
आंबोटिकीला किंचित गोडसर शेनिन द्या,
बाहेरून घाम फुटलेली, गारढोण.
तो म्हणतो, सुलक्षा, तू धंदा बुडवणार.
सहा वर्षं झाली.
बुडतोय म्हणे अजून.

शिकताना पुस्तकात होतं: गूजबेरी, ब्लॅककरंट,
कापलेलं गवत, पेन्सिलीचं साल, घोड्याचं खोगीर.
पाढ्यांसारखं पाठ केलं.
परीक्षेत पेल्यात नाक घालून गंभीर चेहऱ्यानं
म्हटलं, गूजबेरी,
आणि पास झाले.
गूजबेरी मी अजून खाल्लेली नाही.

आई पेडण्याला. घरात दारूचा थेंब चालत नाही.
सुट्टीला गेले की एप्रनच्या खिशात
विसरलेली बुचं निघतात,
आणि एप्रन भिजत घालायच्या आधी
ती एकेक हुंगते. मोरीवर उभी राहून,
देवाकडे पाठ करून.
एकदा म्हणाली, हे सोलं वाळवायचं फडकं,
पहिल्या उन्हातलं नव्हे गो, तिसऱ्या.
दुसरं नाकाशी धरून: करवंदाचा चीक.
तिसऱ्याला तोंड वाकडं केलं.
भिजलेलं किंतान. पावसात गोठ्यात राहिलेलं.
टाक ते, यात काहीतरी मेलंय.

मेलंच होतं. बूच कुजकं, बाटली बिघडलेली.
चार नंबरच्या टेबलानं ती संपवली होती
वाहवा करत,
आणि ओतायच्या आधी चाखलेली मी
त्यांच्या वाहवेत मान डोलावत उभी होते.

त्यानंतर मी पाहुण्यांना वाइनचं विचारत नाही.
विचारते, लहानपणी आंबट काय खायचात?
सोलापूरचे एक डॉक्टर लगेच म्हणाले,
चिंचेचा कोवळा पाला, शाळेच्या भिंतीवर चढून.
त्यांना काय द्यायचं ते सोपं होतं.
एक मुलगी बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली,
आंबट नाही, पण आजोबांच्या
औषधाच्या बाटलीचं झाकण चाटायचे.
तिला मी शेरी दिली, सुकी, अगदी थोडी.
ती हसली नाही, रडलीही नाही,
दुसरा पेला मागितला.
एव्हरार्दला मात्र विचारलं तर म्हणतो,
मी लहान नव्हतोच कधी.

साडेअकरा. शटर अर्धं खाली.
स्वयंपाकघरात दामियांव पातेली घासतोय,
बाटल्यांच्या तळाशी उरलेलं दोन बोटं
आम्ही स्टीलच्या वाट्यांत ओतून घेतो
सकाळच्या पोईच्या कडक तुकड्याबरोबर.
तो म्हणतो, चांगली आहे.
मी म्हणते, चांगली म्हणजे कशी?
तो म्हणतो, चांगली म्हणजे चांगली, झोप येईल अशी.
याच्यापुढं मला काही सुचत नाही.

आज एक बूच मुद्दाम खिशात ठेवलंय,
रुमालात गुंडाळून, वास उडू नये म्हणून.
रविवारी पेडण्याला जाईन.
मला बिमलीचा वास येतोय,
झाडाखाली पडून फुटलेल्या.
पण आधी बोलणार नाही.
एप्रन बादलीशेजारी ठेवीन
आणि चहा करायला आत जाईन.