रकाना सतरा

महूदच्या पुढं, डाळिंबाच्या बागा संपतात तिथं
लवटे वस्ती.
माझ्या हातात पाहणीचा फॉर्म. रकाना सतरा:
'ब्रुसेलोसिस हा रोग आपणांस ठाऊक आहे काय? होय / नाही.'

शेणाचे हात धुवत सुगंधाबाई म्हणाल्या,
'न्हाय बा. कोण ती?'
मी 'नाही'वर खूण केली.
पुढची वस्ती अजून तीन किलोमीटर.

चहाला उकळी येईतो त्या बोलत राहिल्या,
माझ्याशी कमी, गोठ्याशी जास्त.
'ही बांडी सातव्या म्हयन्यात गाभडली.
वासराला केस आलं हुतं, नखं मऊ.
वार पडंना. मीच हात घातला, कोपरापातुर,
बांगड्या तेवढ्या काढून ठिवल्या.
टाकलेलं कुत्र्यांनी वढ्याकडं नेलं.
पंधरा दिसांनी शेजारची मोरी गाभडली.
दृष्ट काढली, दावणीची जागा बदलली.

तवापासनं मलाबी ताप.
दिवस मावळला की चढतुया,
पहाटं घामानं लुगडं पिळून निघतंय.
सांगोल्याचा डॉक्टर टायफाईड म्हणला,
सोलापूरचा सांधेवात.
कुणी गाईचं इचारलं न्हाय.
आन् गाईच्या डॉक्टरनं माझं.'

मी फॉर्म उलटा करून ठेवला.
त्यांना नाव सोडून सगळं ठाऊक होतं,
मला नाव तेवढंच.

मग सांगितलं, जमेल तसं:
दोघींचंही रक्त तपासू,
पांढऱ्या ताटलीवर गुलाबी थेंब,
त्यात कण धरले की समजायचं.
हातमोजे. चुना. खोल खड्डा.
कोपऱ्यातली कालवड पाच महिन्यांची,
तिला एकदाच टोचायचं, जन्माचं.

इतका वेळ गप्प बसलेले बिरुदेव लवटे
तंबाखू मळायची थांबले.
'म्हंजी आयतवारी बाजारात न्यावी काय बांडी?
दिसायला तर धडधाकट हाय.'

दावं आपलं सुटेल, म्हटलं,
रोग दुसऱ्याच्या दावणीला जाईल.
'आन् खायला कोण घालणार तिला?'
ह्याला फॉर्मवर रकाना नव्हता,
माझ्याकडंही नव्हता.
बांडी रवंथ करत होती.

नातू जर्मनचा पेला घेऊन आला,
धारोष्ण, फेसासकट, ओठाशी.
सुगंधाबाईंनी काही न बोलता पेला काढून घेतला,
पातेल्यात ओतला
आणि चुलीत आणखी एक काटूक सारलं.
पोरगं रडायला लागलं.