चिमटा

हाप्सालूच्या स्टेशनात आता गाडी येत नाही.
फलाट मात्र आहे, लांबच लांब, लाकडी छताचा,
म्हणून जुलैत इथे वाद्यं येतात.
रात्रीचे दहा वाजलेत
आणि उजेड घरी जायचं नाव घेत नाही.

मी मारिका. माझं काम वायरींचं.
डब्यात स्पंजच्या खोबणीत माइक निजलेले,
एकेक करंगळीच्या नखाएवढा,
मान बगळ्याची, पाय चिमट्याचे.
चिमट्याला आतून रबर,
लाकडाला ओरखडा नको म्हणून.

क्लॅरिनेटवाल्या एंडेलना अजून वाटतं
सूर खालच्या कर्ण्यातून निघतो.
दरवर्षी सांगते, तो भोकाभोकांतून गळतो हो,
कर्ण्यापाशी कान लावला तर जाड तेवढे सापडतील,
बाकीचे वाऱ्यावर.
मग बगळ्याची मान वर वळवते,
त्यांच्या दोन हातांच्या मधोमध, चार बोटं राखून.
फार जवळ गेलं तर चाव्यांची टकटक येते,
स्वयंपाकघरात कुणी झाकण शोधत असल्यासारखी.
लांब गेलं तर समुद्र येतो.

पियानोचं झाकण अर्धंच उघडायचं, हवा खारी आहे.
आतल्या लोखंडी चौकटीवर चुंबकाने
दोन माइक बसवते,
एक जाड तारांकडे, एक बारीक तारांकडे,
हातोड्यांच्या थेट डोक्यावर नाही, जरा अलीकडे.
कारेल वाकून बघतो, म्हणतो,
बिचारा दातांच्या डॉक्टरकडे आलाय.

पियानोच्या दोघांना अठ्ठेचाळीस व्होल्ट,
एंडेलच्या माइकला कमरेच्या डबीतली बॅटरी पुरते.
कंडेन्सर म्हणजे तरी काय,
एक पातळ पडदा, मागे एक पत्रा,
मधे केसभर हवा.
त्याला भलंबुरं कळत नाही.
सूर घेतो, श्वास घेतो,
गुडघा वाजला तर तोही.

तपासणी झाली. एंडेल फलाटाच्या टोकाला गेले.
कमरेची डबी चालूच राहिली.
माझ्या हेडफोनात आधी पावलं, मग कारेलचा लायटर,
मग एंडेल,
इतक्या जवळून की मी मान मागे घेतली:

"तिसरं जरा जलद घेशील का?
ती लांब ओळ आहे ना,
ती आता एका दमात जात नाही.
मागच्या आठवड्यापर्यंत जायची."

मागच्या आठवड्याचं खोटं होतं.
तीन वर्षं ऐकतेय मी तो दम,
कुठे तुटतो
ते त्यांच्या डॉक्टरच्या आधी मला ठाऊक.

म्यूटवर बोट होतं माझं.
होतं.
दाबलंही, सगळं ऐकून झाल्यावर.
त्याला काय दाबणं म्हणायचं?

तिसरं आलं. कारेलने पहिल्याच मात्रेला घाई केली,
जणू त्याचीच लहर.
दुसऱ्या रांगेतल्या बाईंच्या भुवया वर गेल्या.
उद्या कुणी लिहील, हा पोरगा उतावीळ आहे,
आणि कारेल ते वाचून गप्प बसेल.
एंडेल मागोमाग निघाले.
लांब ओळ आली.
दम कुठे लागणार ते ठाऊक होतं मला,
तिथे फेडर किंचित खाली घेता आला असता,
कुणाला पत्ता लागला नसता.
नाही घेतला.

ओळ गेली. सबंध.
शेवटी नळीत थोडी नुसती हवा उरली, सूर नसलेली,
तीही माइकने उचलली, तीही फलाटभर गेली,
आणि लोकांनी वळून
समुद्राकडे पाहिलं.

मग मी चिमटा काढला.
काळ्या लाकडावर रबराचा पुसट वळ होता,
अंगठ्याने पुसला की जातो.
एंडेल म्हणाले, "आज तुझ्या यंत्राने
जरा जास्तच ऐकलं, काय गं?"

यंत्राने नाही, म्हणायला हवं होतं.
मी बगळ्याला खोबणीत निजवलं
आणि पियानोची वायर गुंडाळायला घेतली,
एक वेढा वरून, एक खालून,
एक वरून, एक खालून,
आत पीळ राहू नये म्हणून.