दुधात एक थेंब शाई

गंगावेशीच्या कट्ट्यावर सातापा
म्हशीखाली उकिडवा बसून धार काढतो.
फेस पेलेवाल्यांना, मला नुसतं दूध, बरणीत.
"चहाला?"
"नाही, उजेडाला."
"आन् त्यात शाई घालतासा म्हनं? पाप लागंल की ओ."

पाप नाही, सातापा. मोजमाप.
पाण्यातली शाई मोजणं सोपं:
प्रकाश नाकासमोर जातो,
जेवढा पलीकडे कमी पोचला तेवढी शाई.
दुधात त्याला नाकही नसतं आणि समोरही.
स्निग्धाच्या कणाकणाला धडकत
शिवाजी पेठेत नव्यानं आलेल्या पाव्हण्यासारखा
त्याच बोळात तीनदा येतो,
आणि शिरला तिथून बोटभर अंतरावर
बाहेर पडतो, दमलेला.
किती चाललास, विचारलं तर सांगता येत नाही.

म्हणून माळावरच्या प्रयोगशाळेत, पडदे ओढून,
मी थेंब टाकते. एक. ढवळते. दोन.
एका तंतूतून उजेड सोडायचा,
दुसऱ्यातून परत आलेला वेचायचा.
जो आला नाही, त्याच्यावरच सगळा हिशोब.

सीपीआरच्या नवजात कक्षात
कार्डावर नाव: मुल्लाणी यांचं बाळ. चौथा दिवस.
कपाळ हळकुंडासारखं.
हसीना विचारते, "दुखतं का?"
"नाही. उजेडच आहे."
तंतू टेकवते. बाळाला उचकी लागते,
आलेख दचकतो.
(बरणीला कधी उचकी लागली नव्हती.)
थांबते. पुन्हा.
निळ्याच्या बाजूला वक्र खोल खचलेला,
पुढे हिरव्यापाशी रक्ताचे दोन खड्डे, जुळ्यांसारखे.
यंत्र म्हणतं: सोळा.
हसीना माझ्या चेहऱ्यावरचा आकडा वाचते
आणि पदर तोंडात धरते.

तासाभरानं टाचेचं रक्त तपासून आलं.
बारा.

चूक बाळाची नव्हती, कावीळीचीही नाही.
मी त्याची चार दिवसांची त्वचा
म्हशीच्या दुधाएवढी दाट धरली होती.
उजेड तिच्यात तेवढा भरकटलाच नाही
आणि मी मात्र वाट लांब समजून
पिवळं जास्त मोजलं.
हसीनाला हे सांगताना
माझे सगळे शब्द मराठीतच होते,
तरी तिला एकच कळला: बारा.
पुरला.

पहाटे पुन्हा कट्टा.
"सातापा, आज जरा पातळ दूध मिळंल?"
त्याची धार थांबते. म्हैसही मान वळवते.
"पानी? ह्या कट्ट्यावर?"
बरणी काठोकाठ भरून
झाकण तो स्वतःच घट्ट लावतो.
"तुमच्या हातानं घाला, काय घालायचं ते.
आन् तिकडं, माळावर जाऊन."