ठिगळावरून

महिन्याच्या पहिल्या शनिवारी इश्पेमिंगच्या शाळेच्या जिममध्ये
जुन्या पोस्टकार्डांचा बाजार भरतो.
बास्केटबॉलच्या रेघांवर टेबलं, टेबलांवर बुटांचे खोके,
खोक्यांत गावं, अकारविल्हे.
मी विचारते, "तंबू?"
डेल्मर निस्कानेन टेबलाखालून
माझ्यासाठी बाजूला ठेवलेला लिफाफा काढतो.

केबिन नको. हॉटेल नको.
छापील रंगीत सूर्यास्त तर नकोच नको.
खरा फोटो हवा, कुणीतरी घरच्या कॅमेऱ्यानं काढलेला,
मागे तिकिटाची चौकट,
दहाएक प्रती धुऊन नातेवाइकांत वाटलेल्या.
दोन डॉलर. चिखलात कुत्रा असेल तर चार.

एकतीस वर्षं मी टपाल निवडलं.
दुसऱ्याचं वाचायचं नाही, ही नोकरीची शपथ.
आता पैसे मोजून वाचते:
"डास भयंकर. मासे तीन. वॉल्डोला कांजिण्या. बाकी मजा."
"आईला सांगू नकोस, पण पीठ संपलं."
"पाऊस. पाऊस. तुझी, हल्डा."

आणि किती नटायची ही माणसं जंगलात!
टाय बांधून पॅनकेक भाजणारे काका,
पायघोळ झग्यात झाडाला टेकलेल्या बहिणी,
खांबाला आरसा, दारात चक्क झुलती खुर्ची.
विंचवाचं बिऱ्हाड म्हणावं
तर त्यात ग्रामोफोनचा कर्णा.

मी स्वतः एकदाही तंबूत झोपलेले नाही.
लेलँड म्हणायचा, जमिनीवर झोपायचा माझा कोटा
कोरियात संपला.
हसत म्हणायचा, म्हणून मी पुन्हा विषय काढला नाही.
गादी मात्र त्यानं
घरातल्या सगळ्या सामानापेक्षा महाग घेतली.

एकोणीसशे नऊचं एक कार्ड आहे माझ्याकडे.
चार माणसं, एक किटली,
तंबूच्या डाव्या उतारावर ठिगळ,
उलट्या बुटाच्या आकाराचं.
चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत.
ठिगळ राहिलं.

सहा वर्षांनी, दुसऱ्याच गावच्या खोक्यात, तेच ठिगळ.
तीच किटली, आता कान मोडका.
माणसं तीन.
मी होते तिथंच फरशीवर बसले.
"पाणी आणू, अर्डिथ?" डेल्मर म्हणाला.
चौथी कुठं गेली?
पट्ट्यापट्ट्यांच्या ब्लाउजातली,
ऐन वेळी हलली म्हणून जिचं तोंड धूसर आलं होतं, ती?
घरी पोचेपर्यंत
मी तिला क्षयानं आजारी पाडलं होतं,
बर्चच्या झाडांखाली पुरलं होतं,
सुपारच्या दिव्याजवळ गाडी थांबवून
थोडी रडलेही होते.

मग भिंग लावलं.
पुढच्या गवतात एक सावली:
रुंद हॅट, दोन्ही कोपरं बाहेर,
पोटाशी धरलेला डबा-कॅमेरा.
अगं बाई.
फोटो तीच काढत होती की.

तिसरं कार्ड काल मिळालं.
ठिगळ तेच, माणसं निराळी,
सहा-सात जण, खाणीवरचे किंवा रुळांवरचे,
दाराशी बटाट्यांची पोती, दोरीवर मोजे,
हसत कुणी नाही.
मागे पेन्सिलीचं अक्षर, फिनिश.
डेल्मरला आजीची भाषा जेमतेम येते.
"थंडी," तो म्हणाला, "आणि पैसे पाठवल्याचं काहीतरी.
बाकी लागत नाही."
तंबू विकला असेल. की दिला. की चोरीला गेला.
टाके मात्र तेवढेच, एकही उसवलेला नाही.
आठ डॉलर मागितले त्यानं.
मी घासाघीस केली नाही.

रात्री तिन्ही कार्डं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीनं मांडली.
माझ्या खोक्यांना लेबलं आहेत:
तळं, नदी, शिकार, चर्चची शिबिरं.
हे शेवटचं कशातच बसेना.
एक नवं लेबल कापून ठेवलंय,
सकाळपासून त्यावर
कॉफीचा कप आहे.